गुन्हे वाढले की नोंदी वाढल्या? राज्याराज्यांची आणि जिल्ह्याजिल्ह्यांची गुन्हे आकडेवारी वाचण्याची रीत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत राज्यांची क्रमवारी लागते. कोणते राज्य पहिले, कोणते शहर सर्वांत सुरक्षित, आपला जिल्हा गेल्या वर्षीपेक्षा किती टक्क्यांनी बिघडला, अशा मथळ्यांनी पाने भरतात. या बातम्यांतले आकडे बहुधा बरोबर उतरवलेले असतात. चुकतो तो त्यांचा अर्थ. पोलिसांच्या दप्तरात जे आले तेवढेच अहवालात येते, आणि दप्तरात काय यावे, कोणत्या कलमाखाली यावे व कोणत्या हद्दीत यावे हे ठरवणारी माणसे, कायदे आणि नकाशे दर काही वर्षांनी बदलत असतात. म्हणून एखाद्या प्रदेशातला कल सांगण्यापूर्वी त्या आकड्याचा प्रवास उलट्या दिशेने तपासावा लागतो. गेली काही वर्षे ही आकडेवारी जुळवताना मी जी रीत वापरत आलो आहे ती येथे मांडतो. पत्रकार, विद्यार्थी आणि आपल्या तालुक्याबद्दल नेमका प्रश्न विचारू पाहणारे कार्यकर्ते यांना ती उपयोगी पडावी.

समोर कोणती कागदपत्रे ठेवावीत

देशपातळीवरचा ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ पासूनची आकडेवारी देतो आणि १९८६ मध्ये स्थापन झालेली एनसीआरबी तो प्रसिद्ध करते. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पुण्यातील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचा ‘क्राइम इन महाराष्ट्र’ हा अहवाल अधिक कामाचा आहे, कारण त्यात जिल्हा आणि आयुक्तालयनिहाय तपशील मिळतो. एकच वर्ष पाहून कल कळत नाही. किमान पाच आणि शक्य तर दहा वर्षांचे खंड उतरवून घ्यावेत, आणि तक्त्यांखालच्या बारीक टाइपातल्या टिपा तक्त्यांच्याही आधी वाचाव्यात. या टिपांमध्ये जे दडलेले असते ते किती मोठे असू शकते याचे उदाहरण म्हणजे २०१९ चा अहवाल. पश्चिम बंगालची माहिती वेळेत न आल्यामुळे त्या राज्यापुरते २०१८ चेच आकडे तेथे वापरले गेले होते. ज्यांनी टीप वाचली नाही त्यांना पश्चिम बंगालमध्ये वर्षभरात काहीच बदलले नाही असे दिसले असेल.

अहवाल उशिरा येतात हेही गृहीत धरावे. २०१७ चा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मधल्या काळात पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक वर्षअखेरीच्या पत्रकार परिषदेत जे आकडे देतात ते तात्पुरते असतात आणि त्यांची वर्गवारीही वेगळी असू शकते. ते अहवालातल्या मालिकेला शेपटासारखे जोडू नयेत.

घटनेपासून आकड्यापर्यंत

काही वर्षांपूर्वी एका बसस्थानकावर गर्दीत माझा मोबाईल खिशातून काढला गेला. ठाण्यात गेल्यावर अंमलदारांनी एक छापील अर्ज पुढे केला. त्यात ‘माझा मोबाईल प्रवासात गहाळ झाला आहे’ हे वाक्य आधीच छापलेले होते. मी फक्त कंपनीचे नाव, आयएमईआय क्रमांक आणि तारीख भरायची होती. नवे सिमकार्ड मिळवायला तो शिक्क्याचा कागद पुरेसा होता, म्हणून मीही सही केली. त्या दिवशी त्या ठाण्याच्या हद्दीत एक चोरी झाली आणि आकडेवारीत शून्य चोऱ्या झाल्या. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने हे अर्ज बंद करून थेट गुन्हा नोंदवण्याचा आदेश काढला, तर त्याच बसस्थानकावर तेवढेच खिसे कापले जात असतानाही चोरीचा आकडा काही पटींनी वाढलेला दिसेल, आणि चांगले काम करणाऱ्या त्या अधिकाऱ्यालाच वाढत्या गुन्हेगारीचा जाब विचारला जाईल.

या प्रवासातले टप्पे नीट माहीत असले पाहिजेत. तक्रार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, असेल तर प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) तयार होतो आणि त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो. अदखलपात्र असेल तर ती एनसीच्या नोंदवहीत जाते. बातम्यांमध्ये येणारी एकूण संख्या दखलपात्र गुन्ह्यांची असते. एका खबरी अहवालात अनेक कलमे असली तरी एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. बलात्कार करून खून केल्याचे प्रकरण त्यामुळे खुनात गणले जाते. याउलट पतसंस्थेत हजारो ठेवीदार बुडाले तरी खबरी अहवाल एकच असेल तर आकडा एकाने वाढतो. शिवाय गुन्हा ज्या वर्षी नोंदला जातो त्या वर्षात मोजला जातो, घडला त्या वर्षात नव्हे; जुन्या अत्याचाराची फिर्याद आज दिली तर ती आजच्या वर्षात धरली जाते. तपासानंतर पोलिसांनी न्यायालयात ‘ब’ समरी मागितली, म्हणजे फिर्याद खोटी होती असे सांगितले, किंवा गुन्हा खरा असूनही आरोपी न सापडल्यामुळे ‘अ’ समरी मागितली, तरी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येतून ते प्रकरण वजा होत नाही. त्यासाठी तपासाच्या निकालाचा तक्ता स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

आधी बेरीज मोडावी

‘एकूण गुन्हे’ हा आकडा मी जवळजवळ कधीच वापरत नाही. त्यात खून आणि विनापरवाना दारूविक्री, दोन्हींचे वजन सारखे असते. देशपातळीवर त्याचे दोन भाग पडतात: भारतीय दंड संहितेखालचे (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखालचे) गुन्हे आणि विशेष व स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे. महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यांत हाच फरक ‘भाग १ ते ५’ आणि ‘भाग ६’ असा बोलला जातो. दारूबंदी आणि जुगाराचे गुन्हे भाग ६ मध्ये येतात, आणि हे गुन्हे बहुतेक वेळा कोणी फिर्याद दिल्यामुळे नोंदले जात नाहीत. पोलीस छापा घालतात तेव्हा ते नोंदले जातात. त्यांच्या आकड्यात घट झाली तर अवैध दारू कमी झाली असेल किंवा छापे कमी झाले असतील; तक्त्यावरून यांतले काय झाले ते कळत नाही.

याचे प्रादेशिक परिणाम आपल्याच राज्यात पाहता येतात. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरमध्ये एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. या तीन जिल्ह्यांची एकूण गुन्हेसंख्या कोल्हापूर किंवा साताऱ्याशी ताडून पाहणे म्हणजे दोन निरनिराळ्या कायद्यांची तुलना करणे होय. आणि चंद्रपूरच्या बाबतीत तर जिल्ह्याची स्वतःशी तुलना करतानाही २०१५ पूर्वीचा, मधला आणि नंतरचा असे तीन वेगळे काळ धरावे लागतात. गुजरात आणि २०१६ नंतरचा बिहार यांना हेच लागू आहे.

बेरीज न मोडल्यास काय होते ते २०२० ने सर्वांत स्पष्टपणे दाखवले. त्या वर्षी देशातील दखलपात्र गुन्हे सुमारे ५१.५ लाखांवरून ६६ लाखांवर गेले, म्हणजे २८ टक्क्यांनी वाढले. लोक घरात बसलेले असताना एवढी वाढ कशी झाली? लोकसेवकाने दिलेल्या आदेशाचा भंग, म्हणजे दंड संहितेचे कलम १८८, याखालचे गुन्हे २०१९ मध्ये सुमारे २९ हजार होते. २०२० मध्ये ते ६ लाख १२ हजारांवर गेले. टाळेबंदी मोडल्याचे ते गुन्हे होते. त्याच वर्षी महिलांवरील अत्याचारांच्या नोंदी सुमारे ४ लाख ५ हजारांवरून ३ लाख ७१ हजारांवर आल्या होत्या, आणि घराबाहेर पडून ठाणे गाठणेच अवघड झालेल्या त्या महिन्यांत या घटीचा अर्थ काय लावायचा हा प्रश्न उरतोच. म्हणून २०२० हे वर्ष तुलनेचा पाया म्हणून कधीही घेऊ नये. त्याच्यापासून मोजलेली प्रत्येक वाढ किंवा घट फसवी निघते.

भागाकार: दर काढताना छेदात काय ठेवावे

संख्येवरून राज्यांची तुलना करणे चूक आहे हे आता बहुतेकांना माहीत असते, तरी मथळे संख्येवरच येतात. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात ३,४९१ खून नोंदले गेले आणि महाराष्ट्रात २,२९५. लाख लोकसंख्येमागे दर काढला तर उत्तर प्रदेशचा १.५ येतो आणि महाराष्ट्राचा १.८, क्रम उलटतो. महिलांवरील अत्याचारांत त्याच वर्षी उत्तर प्रदेशात ६५,७४३ आणि महाराष्ट्रात ४५,३३१ प्रकरणे होती, पण लाख महिलांमागे दर अनुक्रमे ५८.६ आणि ७५.१ असा होता, तर दिल्लीचा १४४.४. येथे छेदात महिलांचीच संख्या आहे हे पाहावे. अनुसूचित जातींवरील अत्याचारांचा दर त्या जातींच्या लोकसंख्येवर काढतात, मुलांवरील गुन्ह्यांचा मुलांच्या संख्येवर. छेद वेगळे असलेले दोन दर एकमेकांशेजारी मांडून एक दुसऱ्यापेक्षा मोठा आहे असे म्हणता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही, त्यामुळे राज्यांसाठी वापरली जाते ती अंदाजित लोकसंख्या. राज्यांचे अंदाज तज्ज्ञ गटाने तयार केलेले आहेत. जिल्ह्यांचे अंदाज आपले आपणच बांधावे लागतात. २००१ ते २०११ या काळातल्या वाढीचा वेग तसाच पुढे नेणे ही सोपी पद्धत आहे, पण राज्याची सरासरी वाढ सगळ्या जिल्ह्यांना लावणे मात्र टाळावे. त्या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर घटली, तर अविभाजित ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. राज्याच्या सरासरीने छेद फुगवला तर कोकणातला गुन्हेदर आहे त्यापेक्षा कमी दिसेल आणि ठाण्यातला आहे त्यापेक्षा जास्त. माझी पद्धत अशी आहे की दर दोनदा काढायचा, एकदा २०११ च्या प्रत्यक्ष लोकसंख्येवर आणि एकदा अंदाजित लोकसंख्येवर. दोन्हींत कल एकाच दिशेने दिसला तरच तो लिहायचा.

महानगरांच्या दरात तर हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण एनसीआरबी १९ महानगरांसाठी २०११ च्याच जनगणनेची संख्या वापरते, आणि तीही नागरी संकुलाची, म्हणजे शहर आणि त्याला लागून पसरलेली वस्ती यांची मिळून. सर्वांत सुरक्षित शहर म्हणून कोलकात्याचे नाव काही वर्षे सलग आले आहे. २०२२ मध्ये त्याचा लाख लोकसंख्येमागे दर ८६.५ होता आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या पुण्याचा २८०.७. कोलकात्याच्या छेदात १४१ लाख लोक आहेत. हे हावड्यासह पसरलेल्या संपूर्ण नागरी संकुलाचे लोक आहेत. कोलकाता महापालिकेच्या हद्दीत २०११ मध्ये सुमारे ४५ लाख लोक होते. मुंबईचेही तसेच आहे: शहर आणि उपनगर मिळून १ कोटी २४ लाख, संकुल धरले तर १ कोटी ८४ लाख. ज्या पोलीस आयुक्तालयांचे गुन्हे अंशात धरले आहेत, तेवढाच परिसर छेदात आहे की नाही याची खात्री झाल्याशिवाय शहरांची क्रमवारी मी कोणाला सांगणार नाही. पुण्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे. गेल्या दशकात हे शहर ज्या वेगाने वाढले ते पाहता, ५०.५ लाखांच्या जुन्या छेदावर काढलेला दर दरवर्षी थोडा अधिकाधिक फुगत जातो, आणि तो फुगवटा ‘पुण्यात गुन्हेगारी वाढली’ या मथळ्यात मुरतो.

हद्दी बदलतात

जिल्ह्याचा आलेख एकाएकी कोसळलेला किंवा उसळलेला दिसला तर गुन्हेगारीचा विचार करण्याआधी नकाशा काढावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झाले आणि पुणे शहर व पुणे ग्रामीण या दोन्हींची काही ठाणी त्यात गेली. त्यामुळे २०१८ च्या आकड्यात वर्षाचा काही भाग जुन्या हद्दीचा आणि काही नव्या हद्दीचा आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय ठाणे ग्रामीण आणि पालघर यांतून कोरले गेले. अशा ठिकाणी एकच उपाय आहे: नव्या-जुन्या सर्व घटकांची बेरीज करून, म्हणजे पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड एकत्र धरून, सलग मालिका तयार करावी. लोहमार्ग पोलिसांची आकडेवारी वेगळी असते हेही विसरू नये. लोकलमधल्या किंवा फलाटावरच्या चोऱ्या मुंबई शहराच्या तक्त्यात सापडणार नाहीत.

लहान आकड्यांचा दगा

मोठ्या महानगरात वीस-पंचवीस खुनांचा फरक डोळ्यांत भरत नाही. लहान जिल्ह्यात चार-पाचांचाही भरतो. समजा एखाद्या आठ-नऊ लाख लोकवस्तीच्या जिल्ह्यात एका वर्षी १२ आणि पुढच्या वर्षी २० खून झाले. मथळा होईल, ‘खुनांत ६७ टक्के वाढ’. आता एक साधे गणित करू. दोन वर्षांची सरासरी १६. तिचे वर्गमूळ ४. त्याची दुप्पट ८. ज्या ठिकाणी दरवर्षी सरासरी १६ घटना घडतात तेथे परिस्थिती मुळीच न बदलता एखाद्या वर्षी ८ आणि एखाद्या वर्षी २४ घटना घडणे हे योगायोगाच्या कक्षेत बसते. १२ आणि २० हे दोन्ही आकडे त्या पट्ट्याच्या आत आहेत. म्हणजे एवढ्यावरून जिल्हा बिघडला असे म्हणता येत नाही आणि पुढच्या वर्षी आकडा १३ वर आला तर तो सुधारला असेही म्हणता येत नाही. ज्यांची घरे या घटनांनी उद्ध्वस्त झाली त्यांच्या दुःखाला यामुळे काही कमीपणा येत नाही. कल ठरवण्यासाठी मात्र अधिक पुरावा लागतो.

म्हणून लहान जिल्ह्यांसाठी तीन-तीन वर्षांची सरासरी घ्यावी आणि टक्केवारीसोबत मूळ संख्या नेहमी लिहावी. २०१७ ते २०१९ हा एक गट आणि २०२१ ते २०२३ हा दुसरा, अशी तुलना मी करतो; २०२१ वरही साथीची छाया आहे, तेव्हा ते वर्ष वगळून एकदा पुन्हा ताळा करावा. तरीही जिल्हा फारच लहान असेल तर शेजारचे जिल्हे जोडून पोलीस परिक्षेत्राचा, म्हणजे काही जिल्ह्यांच्या गटाचा, विचार करावा.

कायदा बदलला की मालिका तुटते

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फेब्रुवारी २०१३ पासून फौजदारी कायद्यात दुरुस्ती लागू झाली, बलात्काराची व्याख्या विस्तारली आणि अशा गुन्ह्याची नोंद न करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद झाली. दिल्लीत बलात्काराच्या नोंदी २०१२ मध्ये ७०६ होत्या, २०१३ मध्ये १,६३६ झाल्या. देशात २४,९२३ वरून ३३,७०७. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. दिल्लीत एका वर्षात दुपटीहून अधिक वाढ होण्याचे प्रमुख कारण स्त्रिया पुढे आल्या आणि ठाण्यांना नोंद टाळणे अवघड झाले हे आहे, आणि त्या वाढीकडे मी चांगली बातमी म्हणूनच पाहतो.

२०१७ च्या अहवालात तक्त्यांची रचना बदलली, तेव्हा २०१६ आणि २०१७ यांच्यामध्ये रेघ ओढूनच ठेवावी. त्याहून मोठी रेघ १ जुलै २०२४ ची आहे. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, चोरीचे ३७९ चे ३०३ झाले. हे क्रमांक जुळवणे फार कठीण नाही. कठीण आहे ते गुन्ह्यांच्या कक्षांचे. हिसकावून नेणे हा आता कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, संघटित गुन्हेगारी संहितेतच आली आहे, आणि पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिल्यांदाच केलेली चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास, समाजसेवेच्या शिक्षेची आणि अदखलपात्र ठरली आहे. काही जिल्ह्यांत यापुढे चोरीचे आकडे घटलेले दिसले, तर त्या घटीतला काही भाग या एका तरतुदीचा असू शकतो. २०२४ चे अर्धे वर्ष एका कायद्याचे आणि अर्धे दुसऱ्याचे आहे, त्यामुळे ते कोणत्याही तुलनेच्या टोकाला ठेवू नये.

नोंदवण्याची तयारी ताडून पाहणे

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे. एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात सांगते की गुन्ह्यांतली वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदणीतली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो परिच्छेद फार थोडे लोक वाचतात. केरळचा एकूण गुन्हेदर देशात वरच्या क्रमांकांत असतो, तर नागालँडचा तळाशी. यावरून केरळ धोकादायक ठरत नाही. केरळमध्ये साक्षरता आहे, ठाणी जवळ आहेत, तक्रार लिहून घेण्याची पद्धत आहे, आणि २०२२ मध्ये दोषारोपपत्र दाखल होण्याचे तेथील प्रमाण ९६ टक्के होते. नागालँडमध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१-अ ने रूढ न्यायपद्धतीला संरक्षण दिले आहे आणि कित्येक तंटे ग्रामपरिषदांसमोर मिटतात, ते पोलिसांच्या वहीत येतच नाहीत. राजस्थानात २०१९ मध्ये, ठाण्याने नकार दिल्यास अधीक्षक कार्यालयात गुन्हा नोंदवण्याची सोय झाली आणि आकडे वाढले. सायबर गुन्ह्यांत २०२२ मध्ये देशातल्या ६५,८९३ नोंदींपैकी तेलंगणात १५,२९७, कर्नाटकात १२,५५६ आणि महाराष्ट्रात ८,२४९ होत्या. मराठी माणसे तेलुगू माणसांपेक्षा कमी फसवली जातात असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर आलेल्या तक्रारीचे खबरी अहवालात रूपांतर करण्याची पद्धत राज्याराज्यांत निराळी आहे, एवढेच त्यातून दिसते.

मग ताळा कशाशी करायचा? मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, ज्यांची नोंद टाळणे अवघड असते असे गुन्हे: खून, कारण मृतदेह लपत नाही, आणि वाहनचोरी, कारण खबरी अहवालाशिवाय विमा मिळत नाही. एखाद्या जिल्ह्यात दुखापत, विनयभंग, किरकोळ चोरी यांचे आकडे झपाट्याने वाढले पण खून आणि वाहनचोरी स्थिर राहिल्या, तर नोंदणी सुधारल्याची शक्यता आधी तपासावी. सगळेच एकत्र वाढले तर चिंतेचे खरे कारण आहे. देशभरात नोंदलेले खून २०२१ मध्ये २९,२७२, २०२२ मध्ये २८,५२२ आणि २०२३ मध्ये २७,७२१ होते, म्हणजे हळूहळू उतरत होते. याच काळात महिलांवरील अत्याचारांच्या नोंदी ४,२८,२७८ वरून ४,४८,२११ वर गेल्या. हे दोन कल एकाच वेळी खरे असू शकतात.

दुसरी गोष्ट, पोलिसांकडून न आलेली माहिती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे घरी आलेल्या सर्वेक्षकांना सांगितले. कर्नाटकात हे प्रमाण ४४ टक्के होते. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र देशभरात १४ टक्केच होत्या, आणि मदत म्हणजे बहुतेक वेळा माहेर, पोलीस नव्हे. नवऱ्याकडून होणाऱ्या छळाच्या गुन्ह्यांचा जिल्हानिहाय नकाशा या सर्वेक्षणाच्या शेजारी ठेवून पाहावा. जेथे सर्वेक्षणात हिंसा जास्त आणि ठाण्यात गुन्हे कमी दिसतात, तो भाग शांत नाही. तेथे बोलायला जागा नाही.

तिसरी गोष्ट, ठाण्यांतला बदल. नवे ठाणे सुरू झाले का, महिला साहाय्य कक्ष किंवा सायबर ठाणे आले का, अधीक्षक बदलले का, मोठी मोहीम झाली का, याची तारीखवार यादी आलेखाखाली लिहावी. आलेखातली उसळी अशा तारखेला चिकटलेली आढळली तर खुलासा बहुधा तेथेच असतो.

उरलेले प्रश्न आणि लिहिण्याची भाषा

एवढे करूनही काही जागा रिकाम्या राहतात. त्या माहितीच्या अधिकारातून भरता येतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. म्हणून ‘जिल्ह्यातील गुन्हेगारीची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करू नये. ‘अमुक ठाण्यात २०२१, २०२२ व २०२३ या वर्षांत नोंदलेले अदखलपात्र गुन्हे आणि मोबाईल गहाळ झाल्याचे दाखले यांची महिनावार संख्या द्यावी’ असा नेमका अर्ज अधीक्षक कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांकडे करावा. एनसी आणि गहाळ दाखले घटत असताना चोरीचे गुन्हे वाढत असतील, तर काय घडले आहे ते एका कागदावर स्पष्ट दिसते. संवेदनशील प्रकरणे सोडून खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे शंका आलेल्या महिन्यातले वीस-तीस अहवाल स्वतः वाचून पाहणेही शक्य आहे, आणि तक्त्यातला ‘इतर चोऱ्या’ हा रकाना नेमका कशाने भरला आहे ते त्यातून जसे कळते तसे दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

शेवटी निष्कर्ष लिहिताना क्रियापद जपून निवडावे. ‘जिल्ह्यात घरफोड्या वाढल्या’ असे न लिहिता मी असे लिहितो: ‘२०१७ ते २०१९ या वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत २०२१ ते २०२३ मध्ये शहर, ग्रामीण आणि नवे आयुक्तालय मिळून घरफोडीच्या नोंदी लाख लोकसंख्येमागे इतक्यांवरून इतक्यांवर गेल्या, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे, याच काळात वाहनचोरीच्या नोंदी स्थिर होत्या, २०२२ मध्ये दोन नवी ठाणी सुरू झाली.’ वाक्य लांब होते आणि त्याचा मथळा होत नाही, पण जिल्ह्याच्या अधीक्षकांसमोर किंवा नियोजन समितीच्या बैठकीत ते ठेवले तर त्यातला एकही शब्द मागे घ्यावा लागत नाही.